प्रश्न नव्हे, दुरुस्ती

१

चित्रपटातला प्राध्यापक अर्ध्या तासात मेला. प्रेक्षक त्याच्या आधीच गार पडले होते.

मी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलो होतो. खेळ संपल्यावर मलाच रंगमंचावर चढून चर्चा चालवायची होती, आणि असल्या चित्रपटावर चर्चा करायची म्हणजे मेलेल्याला ताप किती आहे ते बघण्यासारखं. ‘तिसरा परीक्षक’ हे त्याचं नाव. गोष्ट आमच्याच हॅलोरन विद्यापीठातली, चित्रीकरणही आमच्याच इमारतींत, आणि पहिला खेळ आमच्याच सभागृहात, रविवारी दुपारी. बाहेर गुडघाभर बर्फ असूनही सगळा गाव लोटला होता. खुनी कोण हे पहिल्याच दृश्यात कळलं. तीच ती विद्यार्थिनी, तिरक्या नजरेनं बघणारी. चित्रपटातला गुप्तहेर नुसती कॉफी पीत होता. शेवटी त्याला कंटाळून की काय, पोरीनं स्वतःच उभं राहून सगळं कबूल केलं.

मिनेसोटात कुणी तोंडावर वाईट म्हणत नाही. माझ्या मागच्या बाई नवऱ्याला म्हणाल्या, “वेगळाच होता, नाही?”

“बराच वेगळा,” नवरा म्हणाला. आमच्याकडे याहून मोठी शिवी नाही.

तरी कुणी उठलं नव्हतं, कारण हे सगळं खरोखर घडलं होतं. सात वर्षांपूर्वी सिग्ने ओडेगार्ड या मुलीच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा होती. नॉर्वेहून आलेल्या लोकांनी आपल्याबरोबर आणलेल्या रंगीत पेट्या-पेटारे हा तिचा विषय. परीक्षेला उमेदवारानं परीक्षकांसाठी खायला आणायचं, ही आमची जुनी खोड. सिग्नेनं खजुराच्या वड्या केल्या. तिचे मार्गदर्शक आल्डन रॉकस्टॅड यांना अक्रोड म्हणजे विष, म्हणून त्यांच्यासाठी बिनअक्रोडाच्या वेगळ्या. प्रश्नोत्तरं झाली. रिवाजाप्रमाणे तिला बाहेर कॉरिडॉरमध्ये थांबायला सांगितलं. आत चौघं परीक्षक निर्णय करायला आणि खायला बसले. थोड्या वेळानं तिला खुर्ची पडल्याचा आवाज आला. आल्डनच्या पोटात अक्रोड गेला होता. रुग्णवाहिका बर्फात अडकली आणि त्याच खोलीत त्यानं प्राण सोडला.

पोलिसांनी अपघात लिहिला. गावानं तेवढं औदार्य दाखवलं नाही. पोरीनं बशा मुद्दाम बदलल्या म्हणे, आल्डन तिला नापास करणार होता म्हणे. विद्यापीठानं तिला ना पास केलं ना नापास. निर्णयच दिला नाही. तिचा प्रबंध कपाटात गेला आणि ती गाव सोडून गेली.

आणि आता तीच सिग्ने हा चित्रपट लिहून, काढून आली होती, आणि त्यात तिनं स्वतःलाच खुनी ठरवलं होतं! मला तिचा संताप आला. लोकांनी चिखल फेकला तर समजू शकतो, पण आपण होऊन डोक्यावर ओतून घ्यायचा?

त्यावर कहर श्रेयनामावलीत. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं: ‘तपशिलांसाठी सल्लागार: प्रा. बर्निस टॅलाक्सन, प्रा. मिल्टन ग्रोटे, डीन हॅरल्ड स्टेन्सेट.’ म्हणजे त्या खोलीतले उरलेले तिघे. तिघेही सभागृहात होते, आणि तिघांचेही चेहरे बघण्यासारखे झाले.

दिवे लागले. सिग्ने रंगमंचावर येऊन खुर्चीत बसली. मी प्रश्न मागितले. पण आम्हा प्राध्यापकांच्या जातीला प्रश्न विचारता येत नाहीत. पहिला हात बर्निस टॅलाक्सनचा.

“हा प्रश्न नाही, एक छोटीशी दुरुस्ती आहे,” ती म्हणाली. “मी कुणाची सल्लागार नाही. सिनेमात आम्ही कागदी पेल्यांतून कॉफी पितो. आमच्या विभागात चिनी मातीचे कप असतात. त्या दिवशीही होते.”

“धन्यवाद,” सिग्ने म्हणाली.

मग म्हातारा मिल्टन ग्रोटे काठी टेकत उठला. तो चर्चचा इतिहास शिकवतो. “आल्डन पडतो तेव्हा घंटा वाजते असं दाखवलंय. त्या आठवड्यात प्रार्थनागृहाची घंटा गोठली होती. माझं नाव घालायच्या आधी मला विचारायचं तरी!”

“धन्यवाद, प्रोफेसर.”

शेवटी डीन हॅरल्ड स्टेन्सेट उभा राहिला. लाकडावरच्या जुन्या फुलापानांच्या रंगकामातला तो देशातला मोठा जाणकार. त्याच्या पुस्तकावर तो डीन झाला. संग्रहालयांतले चार पाहुणे त्याच्या शेजारीच बसले होते, आणि त्यांतला एक मघापासून गालात हसत होता.

“माझं नाव या पेटीखाली यावं याचं मला दुःख आहे,” तो म्हणाला. “वड्यांची ती पेटी! पडद्यावरची वेलबुट्टी दोन्ही बाजूंना सारखी आहे. ती नॉर्वेतल्या हॅलिंगडाल खोऱ्याची पद्धत. पहिल्या वर्षाचं पोरही चूक काढेल.”

“मग कशी हवी होती, डीन?” सिग्नेनं अगदी गरिबासारखं विचारलं.

“टेलेमार्क प्रांताची. वेल एका अंगाला झुकलेली. आणि खरेपणाच आणायचा होता, तर झाकणावर कुणा अडाण्यानं वरून फासलेलं ते भडक लाल फूल तरी दाखवायचं.”

लोक हसले. सिग्नेनं तिसऱ्यांदा धन्यवाद म्हटलं.

मी चर्चा आटोपती घेतली आणि खाली उतरलो. पायरीशीच कुणीतरी माझी बाही धरली. काउंटीची निवृत्त तपास अधिकारी डॅग्नी ऑफ्टेडाल. आल्डनचा तपास तिनंच केला होता.

“वेंडेल,” ती कुजबुजली, “या तिघांना कॉफीला बसवून ठेव. आल्डनला मारणारा आत्ता माइकवर बोलून गेला.”

२

सभागृहालगतच्या खोलीत कॉफी मांडली होती आणि एका मोठ्या बशीत वड्या. खजुराच्या.

“सिग्नेनं केल्यात,” मी म्हणालो. “अक्रोड नाही.”

कुणी पुढे होईना. शेवटी डॅग्नीनं दोन उचलल्या, तेव्हा बाकीच्यांचे हात सुटले.

डॅग्नीबद्दल एवढंच सांगतो की ती हिवाळाभर गोठलेल्या तळ्याला भोक पाडून गळ टाकून बसते, आणि मासा लागेपर्यंत कुणाशी बोलत नाही. “सात वर्षं मला एकच गोष्ट खुपतेय,” ती मला कोपऱ्यात म्हणाली. “पण ती नंतर. आधी बर्निस.”

बर्निस कोट चढवून निघायच्या बेतात होती.

“एवढ्यात निघालीस?” डॅग्नी म्हणाली. “बाहेर वारं किती सुटलंय. बस की.”

“दोन तास बसले. पुष्कळ झालं. ती पोरगी मला सल्लागार म्हणते! मी तिला एकच सल्ला दिला असता, हा सिनेमा काढू नकोस.”

“कप मात्र तुझ्या बरोबर लक्षात आहेत.”

“राहणारच. मीच मांडले होते.”

“आणि वड्या?”

“त्या तिनं स्वयंपाकघरातून आणल्या. दोन पांढऱ्या बशा. आल्डनच्या बशीखाली निळा रुमाल, म्हणजे घोळ नको. घोळ नको म्हणे!” बर्निसचा आवाज जरा चिरकला. “डॅग्नी, हे सगळं मी तुला तेव्हाच सांगितलंय.”

“आणि ती पेटी?”

“कसली पेटी?”

“सिनेमातली. रंगीत.”

“ती होय! मला वाटलं, नॉर्वे-बिर्वे दाखवायचं म्हणून घातलीय. मी बशाच पाहिल्या.”

डॅग्नीनं मान हलवली. “एक सांग, तुम्ही निर्णय का नाही दिलात? पोरीचं आयुष्य लटकवून ठेवलंत.”

“नियमाला चार परीक्षक लागतात. चौथा मेला. आणि हॅरल्ड म्हणाला, प्रकरण जरा थंड होऊ द्या.”

“सात वर्षं?”

बशीत आता एकच वडी उरली होती. बर्निसनं ती सुरीनं बरोबर अर्धी कापली, अर्धी घेतली, अर्धी ठेवली. शेवटचा तुकडा आमच्याकडे कुणीच उचलत नाही. त्यापेक्षा माणूस उपाशी राहील.

“प्रबंध वाचला होतास?” डॅग्नीनं पाठीमागून विचारलं.

“तिसऱ्या प्रकरणापर्यंत,” बर्निस म्हणाली. “सत्राची शेवटची धावपळ होती.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीनं सहा वर्षं घासली त्या प्रबंधावर, आणि ही बाई न वाचताच परीक्षा घ्यायला बसली होती.

३

मिल्टन ग्रोटे खिडकीशी होता. आल्डनशी त्याचा जुना उभा दावा. विभागप्रमुखपद आल्डननं त्याच्या हातून काढून घेतलं होतं.

“तुला आल्डन आवडत नव्हता,” डॅग्नीनं आडपडदा ठेवला नाही.

“अजूनही आवडत नाही,” मिल्टन म्हणाला. “पण म्हणून मी त्याला अक्रोड घालीन? मी त्याच्या विरुद्ध मत देत होतो. तेवढ्यानं माझं भागत होतं.”

“परीक्षेच्या आधी तू स्वयंपाकघरात गेला होतास?”

“गेलो होतो. दुधासाठी.”

“फ्रिज उघडलास?”

“दूध दुसरीकडे कुठे ठेवतात?”

सिग्नेनं वड्या सकाळी त्याच फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या, हे गावाला ठाऊक होतं.

“काय दिसलं आत?”

“एक झाकलेला पत्र्याचा ट्रे. त्याच्या बाजूला किराणा दुकानाची कागदी पिशवी, तोंड दुमडलेली. बर्निसचा जुना दह्याचा डबा. दूध.”

“पिशवीत काय होतं?”

मिल्टन ताठ झाला. “बाई, मी लूथरपंथी माणूस आहे. दुसऱ्याच्या पिशवीत डोकावत नाही.”

“हे मला तेव्हा का नाही सांगितलंस?”

“तू विचारलं होतंस, वड्यांना हात लावला का. नव्हता लावला.” तो ओशाळला. बशीतल्या अर्ध्या वडीचा त्यानं पुन्हा अर्धा तुकडा केला आणि चघळत म्हणाला, “खरं तर मला जायचंच नव्हतं. आधी हॅरल्ड गेला होता दूध आणायला. बराच वेळ लावला, आणि परत आला तो हात हलवत. दूध विसरला. म्हणून मला उठावं लागलं. माझा गुडघा तेव्हाही असाच होता.”

डॅग्नीनं हातातला कप हळूच खाली ठेवला.

“तू तरी प्रबंध वाचला होतास का, मिल्टन?” मी न राहवून विचारलं.

“प्रस्तावना सुंदर होती,” मिल्टन म्हणाला.

४

डीन पाहुण्यांच्या घोळक्यात रंगात आला होता. डॅग्नी त्याच्याजवळ गेली आणि मी या बाईला कधी एवढं लाडिक बोलताना ऐकलं नव्हतं.

“डीनसाहेब, आम्हा अडाण्यांना सगळ्या पेट्या सारख्याच. तुम्ही मघाशी काय म्हणालात, टेलेमार्क?”

“टेलेमार्क,” हॅरल्ड खुलला. “वेलीचं मूळ मध्यावर नसतं. कडेला असतं.”

“आणि ते लाल फूल?”

“विटंबना! दीडशे वर्षांचा नाजूक रंग, आणि त्यावर घरातल्या भिंतीचा लाल! झाकणाला चीर गेली असेल, ती झाकायला बटाट्याएवढं फूल.”

“अशी?” मागून सिग्ने म्हणाली.

तिच्या हातात एक लांबट लाकडी पेटी होती. निळसर हिरव्या रंगावर वेल एका अंगाला झुकलेली, आणि झाकणाच्या मधोमध एक बेंगरूळ लाल फूल.

“हीच!” हॅरल्ड पाहुण्यांकडे वळून म्हणाला. “बघा, मी काय सांगत होतो?”

“कुठे पाहिली होतीत?” डॅग्नीनं विचारलं. आवाजातला लाड गेला होता.

“कुठे म्हणजे? परीक्षेला आणली होती हिनं. सगळ्यांनीच पाहिली.”

“मी नाही पाहिली,” बर्निस म्हणाली.

“मीही नाही,” मिल्टन म्हणाला. “बशा होत्या.”

हॅरल्डचं हसू ओठांवरच राहिलं. “मग प्रबंधात फोटो असेल. किंवा आधी कधीतरी हिच्या घरी.”

“प्रबंधात ही पेटी नाही,” सिग्ने म्हणाली. “ही माझ्या आत्याची. आणि हे फूल कुणा अडाण्यानं नाही, मी काढलंय. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी. झाकणाला चीर गेली होती आणि मला ती आल्डनसाठी नीटनेटकी न्यायची होती. सकाळी कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवली. आत चिठ्ठी टाकली: ‘फक्त आल्डन.’ दुपारी स्वयंपाकघरात एकटीनं, अक्रोडाचा कण लागू नये म्हणून हातमोजे घालून, वड्या बशांत काढल्या आणि पेटी परत पिशवीत टाकली.”

“ती पिशवी मी हिच्या हातून घेतली,” डॅग्नी म्हणाली. “आल्डन अजून खोलीतच पडला होता तेव्हा. मग आजपर्यंत पेटी शेरीफच्या कपाटात कुलपात. ना फोटो बाहेर गेला, ना बातमी. लाल फूल असलेली ही पेटी जगात दोघांनीच पाहायला हवी होती, हिनं आणि मी. तिसरा कोण, हे मला सात वर्षं हवं होतं.”



“आणि मला खुपत होती ती गोष्ट,” डॅग्नी पुढे म्हणाली. “त्या पेटीवर बोटांचे ठसेच नव्हते. या पोरीचे आदल्या संध्याकाळचेसुद्धा नाहीत. आपल्याच पेटीवरचे आपले ठसे कोण पुसतं? ज्याला दुसऱ्याचे कुठले आणि आपले कुठले ते कळत नाही, तो सगळेच पुसतो. ट्रेमधल्या वड्यांत अक्रोड कुटून तळाला घातलेला, वरून दोन्ही वड्या सारख्या. बाहेरून काही आणायची गरजच नव्हती. ट्रेमधली वडी पेटीत, पेटीतली ट्रेमध्ये. दूध आणायला जावं आणि दूध विसरून यावं, एवढाच वेळ लागला.”

“मी हे कशासाठी करीन?” हॅरल्ड ओरडला.

“शेवटचं प्रकरण,” सिग्ने म्हणाली. “ते यांनी वाचलं नाही. तुम्ही वाचलंत, आणि आल्डननं. तुमचं सगळं पुस्तक एका पेटाऱ्यावर उभं आहे. दोनशे वर्षांचा म्हणून तुम्ही दाखवलेला. त्यावरचा पांढरा रंग गेल्या शतकातला आहे, हे मी तपासून मांडलं होतं. मी पास झाले असते तर ते छापलं गेलं असतं. आल्डन मला नापास करणार नव्हता. तो माझ्या बाजूनं उभा राहणार होता. म्हणून तो मेला आणि तुम्ही डीन झालात.”

हॅरल्ड पाहुण्यांकडे बघायला लागला. मघाशी हसणारा पाहुणा आता हसत नव्हता, तो एक पाऊल मागे सरकला. मला वाटतं, त्या एका पावलानं हॅरल्ड मोडला.

“मरेल असं नव्हतं वाटलं,” तो पुटपुटला. “त्याच्याकडे ॲलर्जीवरचं इंजेक्शन असायचं. नुसती परीक्षा पुढे गेली असती.”

“आणि माझं?” सिग्नेनं विचारलं.

दाराशी टोपी काढून एक तरुण शेरीफ अधिकारी केव्हाचा उभा होता. डॅग्नीनं त्याला नुसती मान हलवून खूण केली.

हॅरल्डला नेल्यावर मी सिग्नेजवळ गेलो. “म्हणजे चित्रपट मुद्दाम?”

“मुद्दाम,” ती म्हणाली. “चांगला काढला असता तर तिघं टाळ्या वाजवून घरी गेली असती. यांच्यापुढे खरं मांडलं की हे जांभया देतात. चुकीचं मांडून खाली यांचं नाव घातलं की उठतातच. तिघांसाठी तीन चुका ठेवल्या होत्या. कप आणि घंटा सगळ्यांना ठाऊक होती. पेटी एकालाच.” मग तिनं पहिल्यांदाच दात दाखवले, पण त्याला हसणं म्हणवेना. “वाईट सिनेमा काढायला फार कष्ट पडतात, वेंडेल. त्या गुप्तहेराचं काम करणारा नट बिचारा चांगला होता. त्याला रोज दाबावं लागे.”

“पण स्वतःलाच खुनी?”

“गाव सात वर्षं तेच म्हणत होता. एकदा मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दाखवून टाकलं. आता उद्या सकाळी प्रत्येकाला आपलं तोंड आरशात बघू दे.”

५

खोली रिकामी झाली. डॅग्नी त्या अधिकाऱ्याबरोबर गेली होती. बर्निस आणि मिल्टन कोपऱ्यात डोक्याला डोकं लावून बोलत होते. मग बर्निस घसा साफ करत पुढे आली.

“सिग्ने, झालं ते वाईटच झालं. पण आम्ही दोघं अजून तुझे परीक्षक आहोत. वेंडेलला तिसरा घेता येईल, एखादा बाहेरचा बघू. नियमात बसवू आपण. तू जरा बाहेर कॉरिडॉरमध्ये थांबतेस? पाच मिनिटं. मग आम्ही तुला आत बोलावतो.”

आमच्यात याचा अर्थ काय होतो, हे मला ठाऊक होतं. दार उघडतं, आणि परीक्षक म्हणतात, “या, डॉक्टर ओडेगार्ड.” त्या तीन शब्दांसाठी पोरीनं तेरा वर्षं घालवली होती. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

सिग्ने जागची हलली नाही.

“तुम्ही प्रबंध वाचलात?” तिनं विचारलं.

बर्निस मिल्टनकडे बघायला लागली.

“त्या दिवशी आत आल्डन तडफडत होता आणि मी बाहेर उभी होते. मला कुणी आत येऊ दिलं नाही. नंतर मला कुणी काही सांगितलंही नाही. तुम्ही दोघं माझ्या समोरून गेलात. बर्निस, तुम्ही जिन्याकडे बघत होतात.” ती सावकाश दाराशी गेली आणि तिनं ते उघडून धरलं. “आता तुम्ही बाहेर थांबा. तुम्हाला माफ करायचं की नाही, यावर मला विचार करायचाय. रिवाजच आहे आपला.”

“कुठे? कॉरिडॉरमध्ये?” मिल्टन म्हणाला. “तिथे खुर्ची नाही.”

“माहीत आहे मला,” सिग्ने म्हणाली.

ती दोघं बाहेर गेली. खरंच गेली. मी थांबू की जाऊ असं करत होतो, तर ती म्हणाली, “तू बस, वेंडेल. दार तेवढं लाव.”

मी लावलं. बशीत वडीचा पाव तुकडा उरला होता. सिग्नेनं तो कापला नाही. सरळ उचलला, तोंडात टाकला, बोटं पुसली आणि खुर्ची ओढून निवांत बसली. खिडकीबाहेर पुन्हा बर्फ पडायला लागलं होतं. आम्ही एक-एक कप कॉफी प्यायलो.

बऱ्याच वेळानं दारावर भीत भीत टकटक झाली.

“अजून निर्णय झालेला नाही,” सिग्ने म्हणाली, आणि तिनं माझा कप पुन्हा भरला.